मिरवणुकीच्या आधीचे अकरा महिने

धार्मिक सलोख्यासाठी जनसंपर्क म्हणजे काय, आणि तो गल्लीपातळीवर कसा करायचा

ग्वाल्हेरमध्ये गणेशोत्सव, मोहरम, ईद, दसरा यांपैकी काहीही जवळ आलं की शांतता समितीची बैठक होते. कलेक्टर, एसपी, ठाणेदार, मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे सदर (म्हणजे अध्यक्ष), गुरुद्वाऱ्याचे प्रबंधक, भागातले पार्षद (नगरसेवक) असे सगळे येतात. भाषणं होतात, एकत्र फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. ही बैठक गरजेचीच आहे. पण विसर्जनाच्या रात्री साडेनऊला एखाद्या चौकात ट्रॉली अडते, कुजबुज सुरू होते, आणि तेव्हा मंडळाच्या अध्यक्षाजवळ समोरच्या मशिदीच्या सदरांचा नंबर नसतो. दोघेही ठाणेदाराला फोन लावतात आणि ठाणेदार तिसऱ्याच चौकात असतात.

या दोघांची तोंडओळख बैठकीत झाली होती. एकमेकांना थेट फोन करण्याइतका संबंध मात्र तयार झाला नव्हता. असा संबंध विचारपूर्वक उभा करणं आणि तो टिकवणं यालाच जनसंपर्क म्हणतात. कंपन्या, रुग्णालयं, सरकारी खाती हे काम पगारी माणसं ठेवून करतात. गल्लीतलं गणेश मंडळ, मशीद समिती, जैन समाजाची पंचायत यांनाही ते करता येतं, आणि त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तो बराच आधी द्यावा लागतो.

जाहिरात वेगळी, जनसंपर्क वेगळा

जनसंपर्काचा अभ्यास करणाऱ्या जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अमेरिकन प्राध्यापकांनी 1984 मध्ये या कामाचे चार प्रकार सांगितले. पहिल्यात फक्त गाजावाजा असतो. दुसऱ्यात माहिती खरी दिली जाते, पण ती एकाच बाजूने वाहते. तिसऱ्यात लोकांचं ऐकलं जातं, मात्र ते आपलं म्हणणं त्यांच्या गळी कसं उतरवायचं हे शोधण्यासाठी. चौथ्यात दोन्ही बाजू ऐकतात आणि ऐकल्यावर दोन्ही बाजू थोड्या बदलतात.

‘हम सब एक हैं’ लिहिलेला फलक पहिल्या प्रकारातला. पोलिसांनी जाहीर केलेला मार्गाचा नकाशा दुसऱ्या प्रकारातला, आणि तो उपयोगीही असतो. सलोखा टिकतो तो चौथ्या प्रकाराने. समोरच्याने सांगितलेल्या अडचणीमुळे तुमच्या मिरवणुकीच्या वेळापत्रकात काहीतरी बदललं पाहिजे आणि तो बदल त्याला दिसला पाहिजे. काहीच बदलणार नसेल तर भेटायला न गेलेलं बरं, कारण ऐकून घेऊन दुर्लक्ष केलेला माणूस पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

हे काम भिशीसारखं चालतं. अडचणीच्या वेळी रक्कम त्यालाच उचलता येते ज्याने आधीचे हप्ते वेळेवर भरलेले असतात.

सण एकमेकांवर का येतात

दरवर्षी कुणीतरी विचारतं की हे यंदाच असं कसं जुळून आलं. हिजरी वर्ष पूर्णपणे चंद्रावर चालतं आणि 354 किंवा 355 दिवसांचं असतं. आपलं पंचांगही चांद्रमासांचंच, पण साधारण दर 32-33 महिन्यांनी येणारा अधिक मास त्याला ऋतूंशी पुन्हा जुळवून घेतो. हिजरीत तशी सोय नाही. म्हणून मोहरम, रमजान, ईद, मिलाद (पैगंबरांची जयंती) हे सगळे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि सुमारे 33 वर्षांत आपल्या सगळ्या महिन्यांतून फिरून येतात.

2019 मध्ये गणेशोत्सव 2 ते 12 सप्टेंबर होता आणि मोहरमची दहावी तारीख 10 सप्टेंबरला आली. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आले. 2024 मध्ये 16 सप्टेंबरला मिलाद आणि 17 ला अनंत चतुर्दशी, 2025 मध्ये 5 आणि 6 सप्टेंबर. त्याच 2025 मध्ये धुळवड रमजानातल्या शुक्रवारी आली, तर गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद होती. ग्वाल्हेरसाठी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी लागते. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीलाच संपतं, आणि आपल्या शहरात दिगंबर जैन समाज मोठा आहे.

चंद्रदर्शनाने एखादा दिवस पुढे-मागे होईल, पण हे सगळं कित्येक वर्षं आधी कळतं. तरी बोलणी आठ दिवस आधी सुरू होतात आणि तेव्हा ट्रॉली, ढोल-ताशा, ध्वनियंत्रणा यांची आगाऊ रक्कम देऊन झालेली असते. मग कुणी वेळ बदलायला सांगितलं की ते नुकसान वाटतं आणि नुकसानाचा राग धर्माच्या नावावर चढतो.

मुंबईत 2023 साली मुस्लिम संघटनांनी आधी बैठक घेऊन मिलादचा जुलूस 28 ऐवजी 29 सप्टेंबरला काढायचं ठरवलं. पुढच्या दोन्ही वर्षीही मुंबईतला जुलूस विसर्जनानंतरच निघाला. जनसंपर्काच्या दृष्टीने मोलाचं हे की निर्णय ज्यांनी घेतला त्यांनीच तो जाहीर केला. सवलत देणाऱ्याने स्वतः घोषणा केली की तो मोठेपणा ठरतो. तीच बातमी पोलिसांच्या पत्रकातून आली तर लोक तिला ‘झुकवलं’ असं वाचतात. आणि जाहीर झालेल्या दिवशीच दुसऱ्या बाजूने नाव घेऊन, जाहीरपणे आभार मानायला हवेत. पुढच्या वेळी तारीख बदलण्याची पाळी आपली असेल हेही तेव्हाच बोलून ठेवावं.

ग्वाल्हेरकडे आधीपासून काय आहे

दर डिसेंबरात हजिरा भागात तानसेनच्या समाधीजवळ, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेन समारोह हा संगीत महोत्सव होतो. 1924 पासूनची ही परंपरा. 2024 मध्ये शंभरावा समारोह झाला. त्याची सकाळ शहनाईने उघडते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, मग मिलाद वाचला जातो आणि समाधीवर चादर चढते. मराठी कीर्तनाची परंपरा आणि मिलाद एकाच मांडवात, एकामागोमाग आणि सरकारी कार्यक्रमाचा भाग म्हणून, हे दृश्य देशात फार ठिकाणी दिसत नाही. फूलबागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकमेकांजवळ आहेत. शिंदे घराणं बीडच्या मन्सूरशाह बाबांना मानतं आणि गोरखी महालातल्या देवघरात त्यांचा उरूस होतो. किल्ल्यावर एकीकडे जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, दुसरीकडे गुरू हरगोविंदांच्या बंदिवासाची आणि सुटकेची आठवण सांगणारा दाता बंदीछोड गुरुद्वारा.

एवढी पुंजी असूनही शहराच्या लष्कर भागातल्या एका गल्लीतली मुलं शेजारच्या गल्लीतल्या मुलांना नावानिशी ओळखत नाहीत. याचं कारण मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं. वेगळ्या समाजांतल्या माणसांनी नुसतं जवळ असून पूर्वग्रह कमी होत नाहीत; त्यासाठी चार अटी आहेत. भेटताना दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत लागावी, आणि ज्यांचा शब्द चालतो अशा व्यक्तींचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा हवा.

फूलबागेतल्या इमारती शेजारी आहेत, पण तिथे येणारी माणसं आपापल्या दारातून आत जातात आणि आपापल्या दारातून बाहेर पडतात. तानसेन समारोहात दर्जा समान आहे, सरकारचा पाठिंबा आहे, पण श्रोता श्रोत्याशी काम करत नाही. चारही अटी पुऱ्या झालेल्या पाहायच्या तर गायकीच्या ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीकडे बघावं. निसार हुसेन खाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहिले आणि तिथे तालीम दिली. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हातून महाराष्ट्रात पोचली. तिथे कुणी सहिष्णुतेवर व्याख्यान देत नव्हतं. ख्याल नीट बसवायचा होता आणि तो एकट्याने बसत नव्हता.

सुरुवात यादीने

मंडळाच्या मांडवाभोवती अर्धा किलोमीटर धरा आणि पंचवीस-तीस नावांची यादी करा. नेते त्यात शेवटी येऊ देत. आधी इमाम आणि बांग देणारे मुअज्जिन, ध्वनियंत्रणेचा मालक, ट्रॉलीचा चालक, ढोल पथकाचा प्रमुख, कोपऱ्यावरचा चहावाला, दवाखान्यातले डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, भजनी मंडळातल्या ताई, बचत गटाच्या आपा. ज्यांच्या दुकानासमोर गर्दी थांबते ते हवेत. आणि ज्या तीन-चार मुलांच्या एका हाकेवर पन्नास मुलं गोळा होतात ती मुलं हवीतच. बहुतेक याद्यांत नेमकी हीच नावं नसतात.

प्रत्येक नावापुढे दोन फोन नंबर, हा माणूस कुणाचं ऐकतो, त्याला सणाच्या काळात कशाची काळजी असते आणि शेवटची भेट कधी झाली, एवढं लिहा. यादी वहीत दोघा-तिघांकडेच राहू द्या. ती मोबाइलवर फिरली तर ‘आमची माहिती काढतात’ असा संशय येतो आणि तो रास्तच असतो.

मग भेटी. पहिल्या भेटीत तीनच प्रश्न: गेल्या वर्षी काय खटकलं? कोणती जागा, कोणती वेळ अडचणीची आहे? काही घडलं तर आमच्यातल्या कुणाला फोन कराल? उत्तर ऐकताना बाजू मांडायला सुरुवात करू नका. ‘पण तुमच्याकडेही तर…’ हे शब्द तोंडातून निघाले की भेट संपलीच. आठ दिवसांच्या आत परत जाऊन सांगा की तुम्ही जे सांगितलं त्यातलं हे मान्य झालं, हे झालं नाही आणि का झालं नाही. नकारही चालतो, गप्प बसणं चालत नाही. कॅमेरा घेऊन जाऊ नका. फोटोसाठी आलेत असं एकदा वाटलं की माणूस औपचारिक बोलू लागतो आणि खरी तक्रार मनातच ठेवतो.

सोबत करायचं काम कसं निवडावं

दोघांनाही हवं असलेलं, एकट्याने न होणारं, दोन-तीन महिन्यांत संपणारं आणि ज्याचा हिशेब दोन्हीकडच्या सह्यांनी ठेवता येईल असं काम घ्या. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तिघरा धरणाच्या पाण्याचा प्रश्न सगळ्यांच्याच नळाला असतो. तुंबलेला नाला, बंद पथदिवे, दहावी-बारावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका ही कामं जात-धर्म विचारत नाहीत. महापालिकेकडे अर्ज दोघांच्या लेटरहेडवर एकत्र द्या आणि पाठपुराव्यालाही दोघं मिळून जा. दोन-तीन खेटे सोबत घातले की ओळख आपोआप पक्की होते.

रक्तदान शिबिरं सगळेच घेतात, पण तारखा चुकतात. रमजानात दिवसा शिबिर ठेवलं तर रोजेदार येऊ शकत नाहीत, दशलक्षणात आणि नवरात्रात उपासाचे लोक येत नाहीत. मग ‘ते आलेच नाहीत’ ही तक्रार उरते. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, म्हणून वर्षात दोन शिबिरं बसतात: एक मशीद समितीच्या जागेत, एक मंडळाच्या.

खाण्याचा प्रश्न आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. काही मुस्लिम कुटुंबं देवापुढे ठेवलेला प्रसाद घेत नाहीत, काही जैन घरं कांदा-लसूण आणि सूर्यास्तानंतरचं जेवण टाळतात, काही वैष्णव घरं बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत. हे त्यांचे आचार आहेत. प्रसाद न घेणं म्हणजे अपमान नव्हे, आणि कुणाच्या मैत्रीची परीक्षा ताटात घेऊ नये. फळं, खजूर, बंद बाटलीतलं पाणी सगळ्यांना चालतं. तसंच आरतीला उभं राहण्याचं किंवा नमाजाच्या रांगेत बसण्याचं आमंत्रण प्रेमाने दिलेलं असलं तरी समोरच्याला पेचात टाकतं. पाणपोईवर, गर्दी आवरायला, वाहनतळ सांभाळायला बोलवा. तिथे तो मनापासून येतो.

मिरवणुकीचा एक कागद

तणाव सुरू होतो त्या जागा ठरलेल्या असतात: प्रार्थनास्थळाचं दार, अरुंद वळण, आणि दोन मिरवणुका समोरासमोर येतात तो चौक. त्यामुळे तयारीही तिथलीच करावी लागते.

सगळ्यात मोठी चूक वेळेच्या गणितात होते. ढोल-ताशासह, नाचत जाणारी मिरवणूक बहुतेक वेळा तासाला किलोमीटरभरच पुढे सरकते. तीन किलोमीटरचा मार्ग असेल तर तीन ते चार तास धरायला हवेत. मंडळं अर्जात दोन तास लिहितात आणि निघायलाही तासभर उशीर करतात. दुपारी चारला निघून साडेचारला मशिदीसमोरून जाऊ असं ठरलेलं असतं, प्रत्यक्षात तिथे पोचायला साडेसहा होतात. सूर्यास्तानंतर लगेच मगरिबची नमाज आणि तिच्यानंतर साधारण दीड तासाने इशाची. म्हणजे नमाजासमोर कुणी मुद्दाम ढोल वाजवलेला नसतो, वेळापत्रक कोसळलेलं असतं. पण आत उभ्या असलेल्याला ते कसं कळणार? म्हणून निघतानाच एका कार्यकर्त्याकडे फक्त वेळेचं काम द्या. उशीर होतोय असं दिसलं की त्याने मशिदीच्या ठरलेल्या माणसाला फोन करायचा: ‘सदरसाहेब, आम्ही चाळीस मिनिटं मागे आहोत. जमात किती वाजता आहे? तोवर आम्ही अलीकडच्या चौकात थांबतो.’ जमात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज, दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. तेवढा थांबा पथकालाही पाणी प्यायला हवाच असतो, आणि ते पाणी मशीद समितीने दिलं तर फारच छान.

दुसरी चूक आवाजाची. ‘दारापुढून थोडं पुढे गेलो की झालं’ असं वाटतं, पण उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनेच उतरतो, आणि जुन्या बाजारातल्या अरुंद रस्त्यात भिंतींवरून परतल्यामुळे तेवढाही उतरत नाही. म्हणून प्रार्थनास्थळाच्या आधी शंभर पावलं आणि नंतर शंभर पावलं यंत्रणा पूर्ण बंद, हातातला ढोलही बंद, असा नियम सोपा आणि तपासता येणारा आहे. ‘हळू वाजवा’ हा नियम तपासता येत नाही. तोच नियम जुलूस मंदिरासमोरून, रुग्णालयासमोरून जाताना लागू. कायदाही आहेच: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. सवलत मिळाली आहे की नाही हे मोघम न सांगता आदेशाची प्रत सोबत ठेवा.

तिसरी चूक गाण्यांची. यंत्रणा भाड्याची, गाणी वाजवणाऱ्याच्या पेनड्राइव्हमधली. कुणीतरी मुलगा त्याला शंभर-दोनशे रुपये देऊन दुसऱ्या धर्माला डिवचणारं गाणं लावायला सांगतो. भाडेकरारातच लिहा की मंडळाने दिलेलाच पेनड्राइव्ह वाजेल, नाहीतर उरलेली रक्कम मिळणार नाही. गाण्यांची यादी आधी दोघांनी ऐकून ठरवावी. घोषणांचंही तसंच: देवाच्या जयजयकाराच्या घोषणा मनसोक्त द्या, दुसऱ्याचं नाव असलेली एकही नको.

मार्ग, वेळा, थांबे, बंद ठेवायच्या जागा, दोन्हीकडच्या चार-चार जबाबदार माणसांची नावं आणि नंबर हे सगळं एकाच कागदावर, हिंदीत, मोठ्या अक्षरात. मंडळातली चर्चा मराठीत होते म्हणून कागदही मराठीत छापण्याचा मोह होतो. पण रस्त्यावर तो सगळ्यांना वाचता यायला हवा.

अफवा आली तर

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 मध्ये अफवेबद्दल एक साधं सूत्र मांडलं: अफवेचा जोर विषयाच्या महत्त्वावर आणि माहितीच्या धूसरपणावर अवलंबून असतो, आणि या दोन्हींचा गुणाकार होतो. गुणाकारात एक आकडा शून्याजवळ नेला की उत्तरही शून्याजवळ जातं. मूर्ती किंवा ताजिया यांचं महत्त्व कमी करता येत नाही आणि करूही नये. धूसरपणा मात्र आपल्याला कमी करता येतो, तोही लवकर. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि 2020 पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याने वेग मंदावला, पण गल्लीतल्या चार गटांत बातमी पोचायला आजही पाच मिनिटं पुरतात.

समजा, ट्रॉलीचं चाक नाल्याच्या जाळीत अडकलं, मूर्ती कलली आणि ‘दगड मारला’ अशी हूल उठली. पहिली दहा मिनिटं खात्रीसाठी. दोन्हीकडची दोन-दोन माणसं जागेवर जाऊन स्वतः बघतात, फोटो काढतात, ठाण्याला कळवतात. मग एकच संदेश, दोघांच्या नावाने, सगळ्या गटांत एकाच वेळी:

‘रात्री 9:20 ला चौकात ट्रॉलीचं चाक नाल्याच्या जाळीत अडकलं, त्यामुळे मूर्ती एका बाजूला कलली. मूर्ती सुखरूप आहे, कुणालाही इजा नाही. आम्ही दोघं जागेवर आहोत. मिरवणूक 9:45 ला पुढे निघेल. पुढची माहिती 10:15 ला. मंडळ अध्यक्ष आणि मशीद समितीचे सदर.’

यात ‘दगड’ हा शब्दच नाही. ‘दगडफेक झाल्याची बातमी खोटी आहे’ असं लिहिलं तर घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत दगडफेक एवढंच राहतं, आणि ज्यांच्यापर्यंत हूल पोचली नव्हती त्यांनाही ती आपणच पोचवतो. पुढची वेळ दिली आहे, कारण लोक वाट बघायला तयार असतात. किती वेळ बघायची हे त्यांना कळायला हवं. 10:15 ला नवीन काही नसलं तरी ‘सगळं शांत आहे’ एवढं लिहायलाच हवं. ती वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाते.

आणि खरंच कुणी दगड मारला असेल तर?

तेव्हा ‘काही घडलंच नाही’ असं सांगणं सर्वांत घातक. घराघरात मोबाइल आहे, चित्रफीत तासाभरात बाहेर येते आणि ज्याने खोटं सांगितलं त्याचं पुढच्या दहा वर्षांत कुणी ऐकत नाही. जे कळलं ते आणि तेवढंच सांगा: इतक्या वाजता घटना घडली, एवढे जखमी, इथे उपचार, पोलिसांत तक्रार झाली. कळलं नाही ते ‘पडताळणी चालू आहे’ असं स्वच्छ सांगा. करणाऱ्याचा समाज संदेशात लिहू नका. गुन्हा माणसाचा असतो. आणि निषेध पहिला त्या बाजूच्या नेत्याने करावा ज्या बाजूकडे बोट दाखवलं जात आहे. तो अर्ध्या तासात आला तर माणसं थांबतात. दुसऱ्या दिवशी आला तर तो दबावाखाली दिलेला वाटतो.

धर्मांमध्ये वैर पसरवणं, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं आणि तेढ वाढवणाऱ्या खोट्या बातम्या पसरवणं हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे 196, 299 आणि 353 या कलमांखाली गुन्हे आहेत. मुलांना हे धाक म्हणून नव्हे, काळजीपोटी सांगा. एका पुढे पाठवलेल्या संदेशामुळे विशीतल्या मुलाची नोकरी आणि पारपत्र दोन्ही अडकू शकतात.

पत्रकारांशी नातंही आधीच हवं. दोन्हीकडचा एकेक प्रवक्ता ठरवा, दोघांचे नंबर सगळ्या वार्ताहरांना सणाच्या आठ दिवस आधी द्या आणि रात्री अकरालाही फोन उचला. वार्ताहराला कुणीच अधिकृत सापडलं नाही की तो समोर दिसेल त्याला विचारतो.

‘दंगली राजकारणाने होतात, मंडळाच्या कागदाने काय थांबणार?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. राजकारण आणि पैसा पेटवू पाहतात हे खरंच. पण पेटवणारे सगळीकडे असतात आणि पेटतं मात्र काहीच शहरांत. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा शहरांच्या तीन जोड्या तपासल्या: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं अशा संस्थांत हिंदू-मुसलमान सोबत काम करत होते, तिथे हिंसा बरीच कमी होती. नुसतं ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ देणं खेड्यात पुरतं, मोठ्या शहरात ते तणावापुढे टिकत नाही.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण भिवंडीचं. 1984 मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. पुढे त्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं त्यांत घेतली आणि नळाच्या, गटाराच्या, शेजाऱ्यांच्या रोजच्या भांडणांपासून सुरुवात केली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

‘आमच्याच सणाला बंधनं का?’

मशिदीसमोर दोनशे पावलं ढोल बंद ठेवायला सांगितलं की हा प्रश्न येतो, आणि तो तुच्छतेने उडवून लावू नये. उत्तर कागदावर द्यायला हवं: जो नियम आपल्याला, तोच जुलूसला, तोच नगरकीर्तनाला, तोच जैनांच्या रथयात्रेला. एकाच समाजाला लागू होणारा नियम कितीही गोड शब्दांत सांगितला तरी तो अन्यायच वाटणार. दशलक्षणात जैन समाजाने मांसविक्री बंद ठेवण्याची विनंती केली तर ती विक्रेत्यांकडे थेट, महिनाभर आधी, कोणते दिवस ते सांगून करावी. त्या बदल्यात त्या दिवसांचं त्यांचं नुकसान कसं भरून निघेल हेही बोलावं. हातावर पोट असलेल्याकडून त्याग मागताना त्याच्या चुलीचा विचार आधी व्हायला हवा.

उपयोग होतोय हे कसं ओळखायचं

छापून आलेल्या फोटोंची संख्या यात मोजू नका. सण संपल्यावर आठ दिवसांत दोन्हीकडची माणसं बसवा आणि चार गोष्टी वहीत लिहा. किती तक्रारी सणाच्या आधी आल्या? आधी आलेल्या तक्रारी वाढल्या तर ते चांगलं लक्षण, कारण लोकांना सांगण्याची जागा सापडली. किती वेळा पोलिसांना मध्ये न घेता थेट फोन झाला? हूल उठल्यापासून पहिला संदेश जायला किती मिनिटं लागली? ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत किती अंतर पडलं, आणि कोणत्या चौकात? पुढच्या वर्षीचा मार्ग याच आकड्यांवरून आखायचा. पदाधिकारी बदलले तर नवीन माणसाला घेऊन जुन्याने स्वतः यादीतल्या प्रत्येक दारी जायचं. संबंध पदाशी जोडलेला राहिला तरच तो निवडणुकीनंतर टिकतो. आणि सोबतच्या पुढच्या कामाची तारीख त्याच बैठकीत ठरवायची. ‘फोनवर बोलू’ म्हणून उठलं की पुढची भेट थेट शांतता समितीत होते.